उठताना लागणारा हात

(देवळाली प्रवरा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षे बसलो. दुसऱ्या वर्षी ते फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावरच लिहीत. पुढच्या रांगेतल्या बुटक्या मुलांना दिसावे म्हणून असेल, असे आम्ही समजत होतो. खुर्चीवरून उठताना ते दोन्ही हात टेबलावर रोवत, क्षणभर थांबत आणि मग उठत. त्या हिवाळ्यात त्यांना कोरडा खोकला लागला. कविता म्हणून दाखवताना ओळ मध्येच तुटू लागली. वय झाले, खडूची धूळ बाधली, छातीत कफ धरला, अशी कारणे सांगता सांगता वर्ष सरले आणि गुरुजीही गेले.

त्यांना नेमके काय झाले होते, हे आज मी सांगू शकत नाही. त्या वेळचे कागद नाहीत, तपासण्या नाहीत, आणि गेलेल्या माणसाचे निदान आठवणींवरून करूही नये. पण वैद्यकाचे शिक्षण घेताना स्नायूंच्या दाहाचे प्रकरण मी पहिल्यांदा वाचले, त्या रात्री वरून कोरा राहिलेला तो फळा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. घरच्यांची परवानगी घेऊनच ही आठवण सांगतो आहे. आजचा विषय तिथूनच निघाला: स्नायूंना सूज आणणारा आजार आणि त्यात होणारी फुप्फुसांची हानी. माझे सांगणे थोडकेच आहे. ज्याचे हातपाय गळाले आहेत, त्याच्या श्वासाची चौकशी पहिल्याच दिवशी व्हावी. आणि ज्याला कोरडा खोकला व धाप आहे, त्याला जमिनीवरून उठता येते का, हेही विचारले जावे. हे दोन प्रश्न एकमेकांपासून तुटले की माणूस हातचा जातो.

या आजारांना मायोसायटिस म्हणतात. आपली प्रतिकारशक्ती एरवी जंतूंशी लढते. इथे ती आपल्याच स्नायूंवर उलटते. कातडीवरही खुणा उमटल्या तर त्याला डर्मॅटोमायोसायटिस म्हणतात. आजार दुर्मीळ आहे. जगातल्या पाहण्यांनुसार दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण दहाच्या आतबाहेर नवे रुग्ण. पण त्यांतल्या सुमारे चाळीस टक्क्यांच्या फुप्फुसांना इजा होते, आणि या आजारात माणूस दगावण्याचे ते एक प्रमुख कारण आहे.

रुग्ण हे कसे सांगतो? पुस्तकात लिहिलेले असते, ‘खांदे आणि मांड्यांच्या स्नायूंची दुर्बलता’. बाई सांगते, “वेणी घालायला हात वर जात नाही, डॉक्टर.” दुसरी सांगते, “भरलेला हंडा डोक्यावर घेता येईना.” ऊसतोडीला जाणारा गडी सांगतो, “मोळी खांद्याच्या वर जात नाही.” आणि सगळ्यांच्या तोंडी येणारे, पण लाजेने शेवटी सांगितलेले वाक्य असते, “उकिडवं बसलं की उठवत नाही.” बोटांची पकड शाबूत असते, सुईत दोरा ओवता येतो, पण मोठ्या सांध्यांभोवतीचे दणकट स्नायू दगा देतात. आपल्याकडे जेवण पाटावर, निवडणे-टिपणे जमिनीवर, शौच उकिडवे बसून. खेड्यातले जगणे मांड्यांची परीक्षा दिवसातून वीस वेळा घेते. शहरात खुर्च्यांवर वावरणाऱ्याला महिनोन्‌महिने न कळणारी गोष्ट इथे आठवड्यात कळू शकते. आपण मात्र तिला ‘अशक्तपणा’ म्हणतो आणि सलाइनची बाटली लावून मोकळे होतो.

कातडीच्या खुणा आणखी फसव्या असतात. बोटांच्या पेरांवर उंचवटे येतात, पापण्यांभोवती जांभळट छटा येते, गळ्याखाली आणि खांद्यांवर डाग येतात. बहुतेक पाठ्यपुस्तकांतली चित्रे गोऱ्या कातडीची आहेत, त्यामुळे ‘लाल चट्टा’ शोधायची सवय लागते. आपल्या सावळ्या अंगावर तो लाल दिसत नाही. काळसर, तपकिरी, जांभळट दिसतो आणि ‘उन्हाने रापले’ या दोन शब्दांत संपतो. दुसरी खूण तळहाताची. बोटांच्या कडा खरखरीत होतात, भेगाळतात. अमेरिकी डॉक्टरांनी त्याला ‘मेकॅनिकचे हात’ असे नाव दिले. पण खुरपणी करणाऱ्या, कांदे काटणाऱ्या, शेणात हात घालणाऱ्या बाईचे हात भेगाळलेलेच असतात. तिथे ही खूण कोण पाहणार? म्हणून तिलाच विचारावे, “या भेगा नेहमीच्याच आहेत, की यंदा नव्या आहेत?” आपले हात तिच्याइतके कुणाला ठाऊक?

एक चूक कागदावर होते, तीही सांगतो. रक्तातली एसजीओटी आणि एसजीपीटी वाढली की आपण यकृताचा आजार धरतो. पण ही द्रव्ये स्नायूंतही असतात. स्नायू तुटू लागले की तीही वाढतात, आणि रुग्ण काविळीच्या औषधांवर महिने काढतो. सोबत सीपीके ही एक तपासणी केली, तर वाट बरीचशी सापडते. मात्र या आजाराच्या काही प्रकारांत सीपीके अगदी ठीक येते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

आता फुप्फुसांकडे येतो. तिथे हा आजार तीन वाटांनी पोचतो.

पहिली वाट स्नायूंचीच. श्वास घेणे हेही स्नायूंचे काम आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा घुमटासारखा स्नायू आहे. तो खाली ओढला गेला की हवा आत येते. तो दुबळा झाला तर फुप्फुसे निरोगी असूनही माणूस गुदमरतो. असा रुग्ण उताणा झोपला की धाप वाढते, उठून बसला की बरे वाटते. दुसरी वाट घशाची. गिळण्याचे स्नायू ढिले पडले की पाण्याचा ठसका लागतो, अन्नाचे कण श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनिया होतो. “जेवताना ठसका लागतो का?” हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. तिसरी वाट सर्वांत घातक. फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात, त्यांच्यामध्ये नाजूक पडदे असतात आणि त्या पडद्यांतून प्राणवायू रक्तात जातो. प्रतिकारशक्ती या पडद्यांवर उलटली की ते सुजतात, जाड होतात, काही दिवसांनी वणासारखे कडक होतात. याला इंटरस्टिशियल लंग डिसीज, थोडक्यात आयएलडी म्हणतात. पाठीवर खाली स्टेथोस्कोप ठेवला तर श्वासाच्या शेवटी चर्रर असा आवाज येतो, दप्तराचा चिकटपट्टा सावकाश उघडावा तसा. तो एकदा नीट ऐकला की कान विसरत नाही.

हे सारे रक्तातल्या काही प्रतिपिंडांशी जोडलेले आहे. १९८० साली अमेरिकेत असे एक प्रतिपिंड वेगळे ओळखले गेले. ज्या रुग्णाच्या रक्तात ते सापडले त्याच्या नावावरून त्याला जो-१ म्हणतात. तीन वर्षांनी कळले, की पेशीत प्रथिने बांधताना हिस्टिडिन हा घटक जागेवर पोचवणाऱ्या विकरावर ते हल्ला करते. ज्यांच्या रक्तात हे किंवा याच्या भावंडांपैकी एखादे प्रतिपिंड असते, त्यांतल्या बहुतेकांच्या फुप्फुसांना आज ना उद्या इजा होते. ताप, सांधेदुखी, थंडीत पांढरी पडणारी बोटे, भेगाळलेले हात आणि धाप असा हा जुडगा असतो. इथे एक गोष्ट डॉक्टर मंडळींसाठी सांगतो. हे विकर पेशीच्या केंद्रकात नसते, बाहेरच्या द्रवात असते. त्यामुळे नेहमीची एएनए तपासणी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. तेवढ्यावर फाइल मिटू नये.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते असे, की काही रुग्णांत फुप्फुसे आधी बिघडतात आणि स्नायू महिन्यांनी, कधी वर्षांनी. काहींचे स्नायू कधीच बिघडत नाहीत. त्यामुळे संशोधकांना अशी शंका आहे, की या प्रकारात प्रतिकारशक्तीची पहिली चूक फुप्फुसातच होत असावी आणि तिथून आग स्नायूंकडे पसरत असावी. म्हणजे ज्याला आपण स्नायूंचा आजार म्हणतो, त्याचा उंबरठा कदाचित श्वासातच आहे.

दुसरे प्रतिपिंड आणखी उग्र आहे. ते जपानमधल्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रथम नोंदवले आणि २००९ मध्ये त्याचे लक्ष्य ओळखले गेले: एमडीए-५, पेशीत शिरलेल्या विषाणूची चाहूल घेणारा पहारेकरी. या प्रकारात स्नायू जवळजवळ ठीक असतात, कातडीवर चट्टे आणि व्रण येतात आणि फुप्फुसे काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात. इथे दिवस मोजावे लागतात. जपानमध्येच २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्टेरॉइड, टॅक्रोलिमस आणि सायक्लोफॉस्फामाइड ही तिन्ही औषधे सुरुवातीलाच एकत्र दिली. सहा महिन्यांनी ८९ टक्के रुग्ण हयात होते. पूर्वी एकेक औषध वाढवत नेलेल्या रुग्णांत हा आकडा ३३ टक्के होता. रुग्णसंख्या थोडी होती आणि तुलना जुन्या रुग्णांशी होती, हे खरे. तरीही वाट पाहण्याची किंमत त्या दोन आकड्यांत दिसते.

‘दंगल’ चित्रपटात छोट्या बबिताचे काम करणारी सुहानी भटनागर आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये ती गेली. वय अवघे १९. तिला डर्मॅटोमायोसायटिस होता. सुरुवात हाताच्या सुजेने झाली, निदान व्हायला वेळ लागला, पुढे फुप्फुसांत संसर्ग होऊन पाणी साठले, असे तिच्या घरच्यांनी सांगितले. राजधानीला लागून, डॉक्टरांच्या गर्दीत राहणाऱ्या मुलीचे निदान लांबते, तर आपल्या वस्तीवरच्या लेकीसुनांचे काय होत असेल?

आपल्याकडे त्यांचे काय होते, ते मी पाहिले आहे. मागे एक बाई आली. पस्तिशीची, शेतमजुरीवर जगणारी. सहा महिने खोकला, वजन उतरलेले, एक्स-रेवर डाग. एका ठिकाणी तिला क्षयाची औषधे सुरू झाली होती. थुंकीत जंतू सापडलेले नव्हते, तरी औषधे चालू होती. क्षयाने घरेच्या घरे उजाड झालेल्या देशात डॉक्टरला आधी क्षय आठवतो, यात नवल नाही. तो आठवलाच पाहिजे. पण क्षयाचे डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतात. हिचे दोन्ही बाजूंना, तळाशी होते. तिला मी जमिनीवर बसवले आणि उठायला सांगितले. तिने आधी हात टेकला, मग गुडघ्यावर हात ठेवला, मग माझ्या टेबलाचा पाय धरला. सोबत आलेली सासू म्हणाली, “असं तर दिवाळीपासून चाललंय.” दिवाळीपासून चाललेली ती गोष्ट एकाही कागदावर नव्हती, कारण खोकल्यासाठी आलेल्या बाईला कुणी उठायला सांगितलेच नव्हते.

उलट चूकही तितकीच वाईट. सांधे आणि अंग दुखते म्हणून गावोगाव पुड्या मिळतात. त्यांतल्या कितीतरी पुड्यांत स्टेरॉइड कुटून घातलेले असते. चार दिवस माणूस पळू लागतो, आजार मात्र आत दबून राहतो. आणि लपलेला क्षय असेल तर तो पेटतो. पुडी अचानक बंद केली तर जिवावर बेततेही. स्टेरॉइड हे थोर औषध आहे. संधिवातात त्याचा गुण १९४८ मध्ये प्रथम दिसला आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. मायोसायटिसच्या उपचारात आजही पहिला भार तेच उचलते. पण ते मोजून द्यायचे, हळूहळू उतरवायचे आणि देण्याआधी क्षय व काविळीचे विषाणू तपासायचे औषध आहे.

आपल्या मुलखाची हवाही या गोष्टीत येते. १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्याने प्रवरेकाठी ऊस आणला, उसाने कारखाने आणले, आणि त्यांच्यामागे चिपाडाचे ढीग आले. बुरसलेल्या चिपाडाच्या धुळीने फुप्फुसांना सूज येते. त्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात आणि १९४१ पासून तो वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेला आहे. त्यात चुलीचा धूर आणि पाचट जाळण्याचा धूर मिसळतो. भारतातल्या १९ शहरांतील २७ केंद्रांनी मिळून आयएलडीच्या १०८४ रुग्णांची नोंद ठेवली होती. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत जवळजवळ निम्म्या रुग्णांचा आजार श्वासातून जाणाऱ्या कणांच्या वावड्याचा होता, आणि अशांपैकी निम्म्यांच्या घरी कूलर होते. पाणी न बदललेला कूलर बुरशीचे घर असतो. त्याच नोंदीत सुमारे १४ टक्के रुग्णांची फुप्फुसे सांधे, कातडी आणि स्नायूंच्या आजारांनी बिघडलेली होती, मायोसायटिस त्यांतलाच. कूलर आणि चिपाड मायोसायटिस करतात, असा याचा अर्थ नाही. पण धाप लागलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारून भागत नाही. घरात काय आहे, कामावर काय उडते, आणि उठता येते का, हे तिन्ही विचारावे लागते.

इतका दुर्मीळ आजार गावात शोधायचा कसा? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन ४०९२ प्रौढांना अंगदुखी-सांधेदुखीबद्दल विचारले. १८.२ टक्के लोकांना त्रास होता, म्हणजे जवळजवळ पाचांतल्या एकाला. दुखण्याच्या या गर्दीत आपला रुग्ण बसलेला असतो. पण एक फरक आहे. बाकीचे म्हणतात, “दुखतं म्हणून उठवत नाही.” हा म्हणतो, “दुखत नाही फारसं, पण उठवतच नाही.” या एका वाक्यापाशी थांबणारा माणूस हवा. तो डॉक्टरच असला पाहिजे असे नाही.

हे आपल्याच जिल्ह्याने जगाला दाखवले. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केले. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडवले. बाळंतपण, कुष्ठरोग, क्षय यांची लक्षणे त्या ओळखू लागल्या, आणि १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज प्रत्येक गावात आशाताई आहेत. कोविडमध्ये बोटावर लावायचे ऑक्सिमीटर त्यांच्या ओळखीचे झाले. त्यांना माझी विनंती आहे. धाप लागणाऱ्या माणसाचा आकडा बसल्या बसल्या घेऊन थांबू नका. त्याला सहा मिनिटे चालवा आणि पुन्हा पाहा. बसल्यावर ९६ असलेला आकडा चालल्यावर ८८ वर आला, तर तो माणूस घरी परत पाठवायचा नाही. बोटे थंडीने पांढरी पडत असतील तर यंत्र चुकू शकते, म्हणून हात आधी गरम करा.

पुढचे काम मोठ्या दवाखान्याचे. आपल्याला ते दूरही नाही. शेजारच्या लोणीला १९८४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. फुप्फुसांचे बारकाईचे सीटी स्कॅन, श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी, प्रतिपिंडांची तपासणी आणि चाळिशीपुढच्या डर्मॅटोमायोसायटिसच्या रुग्णात दडलेल्या कर्करोगाचा शोध, हे सारे तिथे ठरते. उपचार आहेत. स्टेरॉइडच्या जोडीला मायकोफेनोलेट, टॅक्रोलिमस, रिटुक्सिमॅब यांसारखी औषधे दिली जातात. फुप्फुसातला वण वाढत चालला तर तो संथ करणारे निन्टेडॅनिब आहे. प्रतिकारशक्ती दबल्यावर संसर्ग होऊ नये म्हणून लसी आणि जपणूक आहे. पूर्वी अशा रुग्णाला निजवून ठेवत. आता बेताचा, नेमाने केलेला व्यायाम स्नायूंना आणि श्वासाला बळ देतो, हे सिद्ध झाले आहे. पडद्यांची सूज असेपर्यंत ती उतरवता येते. वण झाल्यावर तो बहुतेक पुसता येत नाही. म्हणून मी आज इतक्या कळकळीने वेळेबद्दल बोलतो आहे.

त्या शेतमजूर बाईची क्षयाची औषधे थांबली आणि मायोसायटिसचे उपचार सुरू झाले. तिची फुप्फुसे पूर्वीसारखी झाली नाहीत. चढावर ती आजही थांबते. पण ती खुरपणीला जाते, आणि गेल्या खेपेला लेकीची वेणी स्वतः घालून आली होती.

माझे बोलणे संपले. आता आभार होतील आणि तुम्ही सगळे उठाल. उठताना जरा शेजारी बघा. कुणी आधी हात टेकेल, कुणी खांब धरेल, कुणी म्हणेल, “तुम्ही व्हा पुढं, मी येतो.” बहुतेकांचे गुडघेच दुखत असतील. तरी हात द्या, उभे करा, आणि दाराशी पोचेपर्यंत एवढे विचारा: असे कधीपासून होते, आणि चालताना दम लागतो का? गुरुजींना हे कुणी विचारले नव्हते. आम्ही चाळीस मुले रोज त्यांच्यासमोर बसत होतो.